श्रेष्ठींची सत्ता : नोव्हगोरोद आणि दक्षिणापथ

प्राचीन भारतात गणराज्ये होती की नव्हती, हा वाद आता जुना झाला. १९१८ साली रमेशचंद्र मजुमदारांचा प्राचीन भारतातील संघजीवनावरील ग्रंथ निघाला आणि १९२४ साली काशीप्रसाद जायसवालांचा हिंदू राज्यपद्धतीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. तेव्हापासून लिच्छवी, यौधेय, मालव ही नावे शाळेतील मुलांच्याही तोंडी बसली. पौर्वात्यांस एकतंत्री राजसत्तेवाचून दुसरे काही ठाऊकच नव्हते, या इंग्रज ग्रंथकारांच्या शेऱ्यास ते उत्तर होते, व ते द्यावयास हवेच होते. परंतु त्या उत्तराच्या भरात एक निराळा प्रश्न मागे राहून गेला असे आम्हांस वाटते. लिच्छवी काय किंवा यौधेय काय, ती क्षत्रिय कुळांची राज्ये होती. व्यापाराच्या पैशावर उभे राहिलेले, आणि राजास भाडोत्री सेनापतीप्रमाणे बोलावणारे व घालवून देणारे नगरराज्य आपल्याकडे कधी झाले काय? ज्या भूमीत पैठण, तगर, जुन्नर, चौल, कोल्हापूर अशा पेठा शतकानुशतके नांदल्या, तिच्याविषयी हा प्रश्न अप्रस्तुत नाही. आणि उत्तर 'नाही' असे असेल, तर ते का, हे पाहणे अधिक उद्बोधक आहे.

अशा राज्याचा नमुना म्हणून व्हेनिसचे नाव घेण्याची रीत आहे. आम्ही मुद्दाम रशियातील नोव्हगोरोदचे घेतो. कारण व्हेनिस समुद्रात उभे आहे, तर नोव्हगोरोद आपल्यासारखेच जमिनीवर. इल्मेन सरोवरातून निघणाऱ्या व्होल्खोव नदीच्या दोन तीरांवर हे नगर वसले आहे. उत्तरेस लाडोगा सरोवरामार्गे बाल्टिक समुद्र, दक्षिणेस लोव्हात व नीपर या नद्यांच्या वाटेने कॉन्स्टँटिनोपल. अशा दोन जगांच्या सांध्यावर ते बसले. ११३६ साली तेथील नागरिकांनी आपला राजा व्सेवोलोद यास आधी कैदेत टाकले व नंतर घालवून दिले. प्रजेची चिंता करीत नाही, दुसऱ्या गादीची इच्छा धरतो, लढाईतून सर्वांआधी पळाला, हे त्याच्यावरील आरोप होते. तेव्हापासून राजा हा करारावर येऊ लागला. नोव्हगोरोदच्या मुलखात त्याने जमीन घ्यावयाची नाही, जर्मनांशी स्वतः व्यापार करावयाचा नाही, पोसादनिक नावाच्या नगरप्रमुखास वगळून न्याय द्यावयाचा नाही, अशी कलमे तेराव्या शतकातील तहनाम्यांत आढळतात. घंटा वाजली की 'व्हेचे' म्हणजे नगरसभा भरे. पोसादनिक व सहस्रपती तीतून निवडले जात, आणि ११५६ पासून धर्माध्यक्षही नगरच निवडू लागले. सेंट जॉनच्या मंदिरात मेणाच्या व्यापाऱ्यांचा संघ होता. पन्नास ग्रीव्हना चांदी भरल्यावाचून त्यात वंशपरंपरेचा हक्क मिळत नसे, आणि शहरात येणारे मेण त्या मंदिराच्या तराजूतच तोलले जाई. खारीच्या व सेबलच्या कातड्यांसाठी या लोकांनी उत्तर द्वीना, पेचोरा ओलांडून उरल पर्वतापलीकडच्या युग्रा प्रांतापर्यंत खंडणी बसविली. त्यांच्या मुलखाचा विस्तार पश्चिम युरोपातील कोणत्याही राजाने हेवा करावा असा होता.

आता आपल्याकडे वळू.

नाशिकच्या लेण्यांत नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा एक लेख आहे. काळ इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाचा पूर्वार्ध. लेणे दान देऊन त्याने भिक्षुसंघासाठी ३००० कार्षापणांचा अक्षयनिधी ठेवला. पण तो राजाच्या खजिन्यात ठेवला नाही, गोवर्धन नगरातील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवला. एका श्रेणीकडे २००० कार्षापण, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे १०००, शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, केवळ व्याज भोगावयाचे. पहिल्या रकमेचे व्याज वर्षाचे २४० होते, आणि लेखात वर्षावासातील वीस भिक्षूंस प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी सांगितले आहेत. हिशेब कवडीइतकाही चुकत नाही. हे सर्व निगमसभेत वाचून दाखविले गेले व रिवाजाप्रमाणे दफ्तरी नोंदले गेले, असेही त्यात म्हटले आहे. राजाचा जावई आपले दान नगरसभेपुढे वाचून दाखवितो, ही गोष्ट लहान नव्हे. पुढे लवकरच गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभी येथे नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली, त्यांतील नऊ हजारांवर तरी गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. राजे असे बदलत. म्हणूनच शहाणा दाता राजापेक्षा विणकऱ्यावर भरवसा ठेवी. जुन्नरच्या लेण्यांतही धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याचे टाके दिल्याचा लेख आहे; बुरूड व कासार यांच्या श्रेणींचीही नावे तेथे येतात.

तथापि ठेवी सांभाळणे वेगळे आणि नगर सांभाळणे वेगळे. त्या दुसऱ्या गोष्टीचा पुरावा आम्हांस नाशिकजवळच्याच अंजनेरी येथे सापडलेल्या ताम्रपटांत दिसतो. त्यांचे संपादन आमच्या नागपूरच्या महामहोपाध्याय मिराशींनी केले. इसवी सनाच्या आठव्या शतकाच्या आरंभी त्या भागात भोगशक्ती नावाचा हरिश्चंद्रवंशीय राजा होता. सामगिरिपट्टण नावाचे नगर पूर्वी उद्ध्वस्त झाले होते. ते आजूबाजूच्या वाड्यांसह त्याने पुन्हा वसविले, आणि एल श्रेष्ठी, करपुट श्रेष्ठी इत्यादी व्यापाऱ्यांच्या हवाली केले. अटी वाचण्यासारख्या आहेत. तेथील व्यापाऱ्यांनी राजाच्या सर्व मुलखात जकात द्यावयाची नाही, ती चंद्रसूर्य असेतोवर. निपुत्रिकाचे धन राजाने घ्यावयाचे नाही. राजाच्या अंमलदारांस मुक्कामाचा शिधा पुरवावा लागणार नाही. कुमारिकेवर अत्याचार केल्यास १०८ रूपक दंड. मारामारीत डोके फोडणे, कान तोडणे यांसही ठरलेला दंड. आणि शेवटी, नगरातील आठ किंवा सोळा महल्लक, म्हणजे वडीलधारे, विचार करून जो निवाडा देतील तोच प्रमाण.

कर नाही, सरबराई नाही, दंडाचे दर ठरलेले आणि न्याय घरचा: युरोपात ज्यास नगराची सनद म्हणतात ती याहून निराळी काय असते? किंबहुना ल्यूबेकची स्थापना व्हावयास अजून चार शतके अवकाश होता. परंतु एका गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधणे जरूर आहे. नोव्हगोरोदचा तहनामा राजावर लादलेला होता; सामगिरीची सनद राजाने दिलेली होती. उजाड गाव वसवावयाचे तर व्यापारी हवेत, व्यापारी यावयाचे तर सवलत हवी, असा तो व्यवहार होता. ज्याने दिले त्यास परत घेता येते, आणि श्रेष्ठींजवळ ते अडविण्याचे साधन ताम्रपटाखेरीज दुसरे नव्हते.

ते साधन पुढच्या काळात आले. कृष्णेच्या खोऱ्यात, आजच्या बागलकोट जिल्ह्यात ऐहोळे म्हणून गाव आहे. प्राचीन मंदिरांसाठी प्रवासी ते पाहावयास जातात. त्याच गावाचे, अय्यावोळेचे, 'पाचशे स्वामी' हे नाव दक्षिणेतील सर्वांत मोठ्या व्यापारी संघाने धारण केले. त्यांस वीरबणंजु असेही म्हणत. अकराव्या-बाराव्या शतकांतील त्यांच्या लेखांत जी आत्मस्तुती आहे ती वाचून हे व्यापारी की चक्रवर्ती असा भ्रम पडतो. चेर, चोल, पांड्यांपासून नेपाळ, पारसिकापर्यंतचे देश आम्ही पायाखाली घातले. हत्ती, घोडे, नीळमणी, मोती, वेलदोडे, लवंगा आम्ही विकतो. गाढवे व रेडे आमची वाहने. पर्वतचिन्हाचा ध्वज आमचा. अशी ती भाषा आहे. अतिशयोक्ती बरीच असेल, पण सगळी नव्हे. सुमात्रा बेटावर बारूस येथे शके १०१०, म्हणजे इसवी सन १०८८ चा एक तमिळ शिलालेख सापडला आहे. तो याच 'पाचशेंचा' असून त्यात बंदरात येणाऱ्या जहाजांच्या तांडेलांनी व खलाशांनी कस्तुरीच्या भावाने किती सोने द्यावे ते ठरविले आहे. ब्रह्मदेशातील पगान येथे तेराव्या शतकात नानादेशी व्यापाऱ्यांचे विष्णुमंदिर होते. नोव्हगोरोदचा व्यापारी उरलपर्यंत गेला, तर अय्यावोळेचा पगान व सुमात्रा गाठून आला.

आमच्या महाराष्ट्रातही ते ठाण मांडून होते. कोल्हापूरच्या शिलाहार गंडरादित्याच्या वेळचा शके १०५८ चा लेख आहे. त्याचा सामंत निंबदेव याने बांधलेल्या पार्श्वनाथाच्या मंदिरासाठी वीरबणंजूंनी एकत्र जमून आपल्या मालावर आपणच पट्टी बसविली, असे त्यात नमूद आहे. मिरजेचे शके १०६५-६६ चे लेखही अशाच पट्टीचे आहेत. तेथे लाभ शिवालयाचा. संघात जैन होते, शैव होते, वैष्णव होते, पट्टी सर्वांची. ती राजाच्या अनुमतीने असली तरी राजाने लादलेली नाही. नोव्हगोरोदकरांनी राजास हाकलले ११३६ साली, आणि कोल्हापूरचा हा शिलालेखही त्याच सुमाराचा. योगायोगास इतिहासात अर्थ नसतो हे आम्ही जाणतो, तरी एकाच वेळी पृथ्वीच्या दोन भागांत व्यापारी सभा भरवून निर्णय घेत होते, हे चित्र मनात राहते.

कर बसविण्याची शक्ती त्यांच्यापाशी होती. निवाडा करण्याची होती. सैन्यही होते, तांड्यांबरोबर शस्त्रधारी वीर असत, आणि दक्षिणेकडे काही पेठा 'एरिवीरपट्टण' म्हणून वीरांच्या रक्षणाखाली जाहीर केल्याचे लेख आहेत. ध्वज होता, बिरुदे होती, कुलदेवता होती. राज्य म्हणावयास उणे काय राहिले? उणी राहिली ती जमीन.

याचे मर्म आम्हांस नोव्हगोरोदच्याच अलीकडच्या संशोधनाने उलगडले. २६ जुलै १९५१ रोजी तेथील उत्खननात भूर्जाच्या सालीवर कोरलेले पहिले पत्र निघाले. तेथपासून आजवर अकराशेंहून अधिक पत्रे मिळाली आहेत. चिखलाने त्यांचे रक्षण केले. कोणी उसनवारी मागतो, कोणी वाड्यावरच्या कारभाऱ्याची तक्रार करतो, कोणी गावच्या खंडाचा हिशेब पाठवितो. या पत्रांवरून व घरांच्या पायांवरून व्हालेंतिन यानिन प्रभृती संशोधकांनी असे दाखविले की, शहरातील मोठमोठे वाडे बोयार नावाच्या जमीनदार घराण्यांचे होते, व कित्येक कारागीर त्या वाड्यांच्या आश्रयाने राहत. म्हणजे ज्यास आपण वणिक्-राज्य म्हणतो ते खरे पाहता व्यापार करणाऱ्या जमीनदारांचे राज्य होते. तेथील जमीन नापीक. तिचा खंड धान्यात नव्हे, कातड्यांत व मेणात येई, आणि कातडी विकल्यावाचून तिचा उपयोग नाही. यास्तव जमीनदार तो व्यापारीच झाला. आणि राजास मात्र जमीन घेण्याची बंदी! ज्यास शेत नाही त्यास सैन्य पोसता येत नाही. ज्यास सैन्य पोसता येत नाही त्यास घालविणे सोपे.

आपल्याकडे याच्या नेमके उलट. आम्ही ज्या वऱ्हाडात राहतो त्या काळ्या जमिनीचाच विचार करावा. जोंधळा व कापूस देणारी ही भूमी ज्याच्या हाती, त्यास व्यापाऱ्याच्या तोंडाकडे पाहण्याची गरज नाही. महसुलावर घोडदळ उभे राहते. म्हणूनच बहमनी, इमादशाही, मोगल, निजाम, भोसले सर्वजण या मुलखासाठी भांडले, आणि १८५३ साली इंग्रजांनी निजामाकडून तो मागून घेतला तोही फौजेच्या खर्चापोटी. राजाने जमीन देवास दिली, ब्राह्मणास दिली, सरदारास दिली; श्रेष्ठीस सवलत दिली. श्रेष्ठीनेही जमिनीचा हव्यास धरला नाही, कारण त्याचे बळ निराळे होते. राजा छळू लागला तर तांडा दुसऱ्या वाटेने जाई, पेठ ओस पडे, व राजास सामगिरीसारखी नवी सनद कोरावी लागे. हे निघून जाण्याचे बळ थोडे नव्हे. आमचे धामणगाव त्याची साक्ष देईल: आगगाडीची वाट इकडून गेली, तिच्यामागून कापसाची पेठ आली, आणि गावाच्या नावासच 'रेल्वे' हा शब्द कायमचा जडला. वाट जाईल तिकडे व्यापारी जातो. मात्र जो निघून जाऊ शकतो तो राहण्यासाठी लढत नाही, ही त्याची दुसरी बाजू.

यावर कोणी म्हणेल की कोकणाची जमीन तर नोव्हगोरोदइतकीच दरिद्री, मग तेथे का नाही? शंका रास्त आहे. खारेपाटणच्या ताम्रपटात शके ९३० मध्ये शिलाहार रट्टराज परदेशाहून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे एक सुवर्ण गद्याण शिवमंदिरास लावून देतो. बंदराचे सोने वाटणारा हात राजाचाच आहे. आमच्या मते कारण भूगोलात आहे. नोव्हगोरोदभोवती शेकडो कोस अरण्य व दलदल होती; १२३८ साली मोंगलांची फौज शंभरेक वेर्स्तांवरून परत फिरली. कोकणच्या बंदरास असा आडोसा नाही. घाट उतरला की देशावरचे सैन्य दारात.

अर्थात नोव्हगोरोदच्या स्वातंत्र्याचेही फार गोडवे गाण्याचे कारण नाही. सभेत घंटा सर्वांसाठी वाजे, पण पोसादनिक होत ते ठरावीक घराण्यांतलेच. दोन तीरांचे पक्ष व्होल्खोववरील पुलावर एकमेकांस झोडपीत. धान्य बाहेरून आणावे लागे, आणि १२१५ साली एका रुसलेल्या राजाने तोर्झोक येथे धान्याची वाट अडविताच शहरात माणसे अन्नावाचून मेली. १४७१ साली शेलोन नदीवर मॉस्कोच्या सैन्याने त्यांचा पराभव केला. जानेवारी १४७८ मध्ये तिसऱ्या इव्हानने नगर ताब्यात घेऊन सभेची घंटा उतरविली व मॉस्कोस नेली. पुढे बोयारांची व व्यापाऱ्यांची घराणीच्या घराणी उचलून दुसरीकडे वसविण्यात आली. जमिनीवर उभे असलेले सामर्थ्य जमिनीबरोबर गेले.

त्याच सुमारास एक रशियन व्यापारी आमच्या जुन्नरात पावसाळा काढीत होता. अफनासी निकितिन हा नोव्हगोरोदचा नव्हे, त्वेरचा. १४७० च्या आसपास होर्मुझहून घोडा घेऊन तो चौलास उतरला व घाट चढून जुन्नरास आला. तेथील बहमनी सुभेदार असदखान याने घोडा हिसकावून घेतला. धर्मांतर केलेस तर घोडा देतो व वर हजार मोहरा देतो, म्हणून चार दिवसांची मुदत दिली. एका खोरासानी गृहस्थाने रदबदली केली म्हणून बिचाऱ्याची सुटका झाली. ज्या जुन्नरात धान्यव्यापाऱ्यांची श्रेणी लेणी कोरवीत होती, तेथे एकट्या परक्या सौदागरास पंधराव्या शतकात आधार होता तो एका ओळखीच्या माणसाचा. संघाचा किंवा महल्लकांचा नव्हे.

वऱ्हाडातील सर्वांत धनाढ्य पेठ कारंजा. तेथे जैन भट्टारकांच्या तीन परंपरांची पीठे होती, व श्रीमंतांच्या आश्रयाने जमलेले तेथील हस्तलिखितांचे भांडार इतके मोठे की १९२६ साली रायबहादुर हिरालालांनी मध्यप्रांत-वऱ्हाडातील पोथ्यांची सूची प्रसिद्ध केली तेव्हा तीत कारंजाच्या पोथ्यांस मोठे स्थान मिळाले. १६७० च्या अखेरीस, वणी-दिंडोरीच्या लढाईनंतर, शिवाजीमहाराजांची फौज या मोगली पेठेवर आली. जदुनाथ सरकारांनी दिलेल्या वृत्तान्ताप्रमाणे सोने, रुपे व तलम कापड चार हजार बैल व गाढवांवर लादून नेले. लुटीची किंमत कोटीच्या घरात. धनिकांस ओलीस नेले. सर्वांत मोठा सावकार तेवढा स्त्रीवेषाने निसटला असे सांगतात. महाराजांच्या बाजूने ही बादशहाची रसद तोडण्याची नीती होती, तिची मीमांसा येथे कर्तव्य नाही. आमचे लक्ष कारंजाच्या सावकारांकडे आहे. एवढी संपत्ती असलेल्या लोकांनी आपल्या रक्षणासाठी वीरबणंजूंप्रमाणे शस्त्रधारी का बाळगले नाहीत? रक्षण हे बादशहाचे काम, आपले काम हुंडीचे, अशी वाटणी तोवर इतकी रुजली होती की बादशहाची फौज वेळेवर न आल्यास काय, हा विचारच राहिला नव्हता. अय्यावोळेच्या 'पाचशेंपासून' कारंजाच्या सावकारापर्यंतचे अंतर पाच-सहा शतकांचे. त्या अवधीत धन घटले नाही, संघ तेवढा विरला.

याच कारंजास १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमाने कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. हिंदुस्थानातील अशा बाजारांत तो पहिला मानतात. १८९७ च्या कायद्याने वऱ्हाडातील इतर पेठांसही तीच व्यवस्था लागू करण्याची सोय झाली. बाजारास कमिटी नेमली गेली, अडते व मापारी यांस परवाने लागले, वजनमापे तपासली जाऊ लागली. १९२८ साली शेतकीविषयक रॉयल कमिशनने ही वऱ्हाडी पद्धत इतर प्रांतांनी उचलावी अशी शिफारस केली. कमिटीत वर्चस्व व्यापाऱ्यांचे राहिले खरे. परंतु नोव्हगोरोदात ज्या तराजूची मालकी सेंट जॉनच्या संघाकडे होती, तो कारंजात सरकारी कायद्याच्या कलमावर टांगला गेला.